डावं पेडल

चूक माझीच. एका माणसाला सहा वर्षं रोज सकाळी "नाही" असं उत्तर मिळत होतं आणि ते त्याला पुरत होतं. मी चांगुलपणाच्या भरात त्याला "आहे" असं सांगून टाकलं. माझा चांगुलपणा हा असाच आहे. ज्याच्यावर तो होतो त्याला आधी कळत नाही, आणि कळतं तेव्हा वेळ गेलेली असते.

आमच्याच मजल्यावर, जिन्याच्या उजव्या हाताला, दोन खोल्यांत स्टोअरवाले राहतात. त्यांना खरं नाव आहे, विजेच्या मीटरवर ते लिहिलेलंही आहे, पण अख्ख्या इमारतीत त्या नावाने हाक मारणारं कोणी नाही. बस डेपोच्या सुट्या भागांच्या स्टोअरमध्ये त्यांनी चौतीस वर्षं काढली. हातभर रुंद खिडकी, आत हे, बाहेर ग्रीसने माखलेले मेकॅनिक. मेकॅनिकने चिठ्ठी आत सरकवायची, यांनी वाचायची, वस्तू असेल तर द्यायची, नसेल तर म्हणायचं, "नाही. उगाच उभं राहू नये." हेच वाक्य त्यांनी पाटीवर लिहून खिडकीलाही टांगलं होतं, म्हणजे घसा बसला तरी काम अडायला नको. आणि चिठ्ठीवर असेल तेवढंच मिळणार. नट लिहिला असेल तर नट. "अहो, नुसता नट काय कानात घालू?" असं कोणी ओरडलं तर हे शांतपणे म्हणत, "बोल्टची चिठ्ठी आणा."

निवृत्त होताना माणूस खुर्ची सोडून येतो, खोड घरी घेऊन येतो. यांच्या स्वयंपाकघरात प्रत्येक खणावर चिठ्ठी आहे. "चमचे, ४." "काड्यापेट्या, २." राहणारा एक, पण चमचे चार. त्यातले तीन कसे चकचकीत आहेत ते बघितलं की घरी कोण येतं-जातं ते विचारावं लागत नाही. आमच्या हिने एकदा त्यांच्याकडे वाटीभर साखर मागितली. यांनी आधी कागद पुढे केला.

"अंगठा देऊ की सही?" हिने विचारलं.

"सही चालेल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साखर परत गेली तेव्हा त्यांनी ती चिठ्ठी फाडून हिच्या हातात दिली. ही खूश. "माणूस सरळ आहे हो. तुमच्यासारखं नाही, छत्री नेली ती नेलीच."

तर अशा माणसाने म्हातारपणी एका खेळाचं स्टोअर मांडावं हे मला बरेच दिवस कोडं होतं.

समुद्रातल्या बेटांचा एक खेळ आहे. देशोदेशीचे लोक तो इंटरनेटवर खेळतात. जहाज घेऊन हिंडायचं, बेटांवर वस्तू मिळवायच्या, आणि बंदरात आपली टपरी लावून त्यांची अदलाबदल करायची. जलपरीचा कंगवा द्या, वादळी दोर घ्या. टपऱ्या हजारो, आणि कोणाकडे काय आहे हे कळायला काही सोय नाही. एका दोरासाठी चाळीस बंदरं पालथी घालायची. स्टोअरवाल्यांनी त्यासाठी शोधयंत्र केलं. आपण वस्तूचं नाव टाकायचं, की ती कोणत्या बंदरात, कितव्या टपरीवर, बदल्यात काय मागतायत, सगळं समोर. डेपोत पहिल्यांदा कॉम्प्युटर आला तेव्हा स्टोअरची यादी त्यात बसवायला आलेला तज्ज्ञ आमच्या या गृहस्थांचे खण बघून तीन दिवसांत पळून गेला होता. मग यांनीच पुस्तकं आणून, शिकून ते काम पुरं केलं. तीच विद्या इथे कामी आली.

दिवसाकाठी हजारो माणसं त्यांच्या या खिडकीशी येतात, विचारतात, सापडलं की निघून जातात. आत कोण बसलंय ते कोणी वाकून बघत नाही. इतकी गिऱ्हाइकी असून ज्याच्या दाराची बेल वाजत नाही असा माझ्या ओळखीतला हा एकच माणूस. बेल वाजवणार मी, नाहीतर महिन्यातून एकदा गॅसवाला. गॅसवाला जास्त वेळ थांबतो, कारण त्याला सिलिंडर उतरवायचा असतो.

सापडलेल्या वस्तूंकडे स्टोअरवाले ढुंकून बघत नसत. त्यांचा जीव न सापडलेल्या वस्तूंत. डेपोतही ते त्यांची वेगळी वही ठेवत. "आहे ते रॅकवर दिसतंच," ते म्हणत, "नाही ते लिहूनच ठेवावं लागतं." यंत्रात ज्या शोधाला काहीच मिळालं नाही त्यांची यादी रोज सकाळी आठ वाजता ते उघडत, चहाचा कप डावीकडे, वही उजवीकडे, आणि सुवाच्य अक्षरात एकेक ओळ उतरवून घेत. त्या यादीत काय नसायचं! लोक खेळातल्या वस्तू विचारता विचारता भलतंच विचारून बसतात. कोणी "झोप" विचारलेली असायची. कोणी "उद्या सुट्टी". एकाने "बायकोचा राग घालवायचं औषध" विचारलं होतं. स्टोअरवाले गंभीरपणे लिहीत, "झोप. मागणी तीन. शिल्लक नाही." आणि ज्याने विचारलं त्याला पडद्यावर उत्तर मिळालेलं असे, खेळाच्या परक्या भाषेत आणि खाली आपल्या भाषेत, "नाही. उगाच उभं राहू नये."

गेल्या महिन्यात त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्यात तर आधीपासूनच धुकं. डॉक्टरने पंधरा दिवस पडद्याकडे बघायचं नाही, लिहायचं-वाचायचं नाही असं बजावलं. त्या संध्याकाळी डोळ्यावर पांढरी ढाल लावलेले स्टोअरवाले आमच्या दारात उभे राहिले.

"ओ शेजारी, एक काम आहे."

"बोला की."

"रोज सकाळी आठला यायचं. यादी वाचून दाखवायची. वहीत लिहायची. बाकी कशाला हात लावायचा नाही."

"बस? एवढंच?"

"बाकी कशाला हात लावायचा नाही," त्यांनी पुन्हा सांगितलं. माणसं ओळखायचा त्यांचा अनुभव दांडगा होता. एवढा असून त्यांनी काम मला दिलं, कारण दुसरं कोणी नव्हतं.

पहिले चार दिवस मी हात मागे बांधल्यासारखा वाचत होतो. ते खिडकीशी खुर्चीत बसून ऐकत. प्रत्येक ओळीला "हं, पुढे" म्हणत. परक्या भाषेतल्या ओळी मी अडखळत वाचायचो. पण यादीत एक ओळ आपल्या भाषेत असायची. रोज. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी विचारलेली. "डावं पेडल."

"हे काय हो? जहाजांच्या खेळात पेडल?"

"हं. पुढे."

मला त्या अज्ञात माणसाची दया यायला लागली. बिचारा रोज सकाळी उठतो, तेच विचारतो, आणि त्याला रोज सांगितलं जातं की उगाच उभं राहू नये. काय ही वागणूक! यंत्रात एक सोय होती. मागितलेली वस्तू नसेल तर तिच्या जवळची एखादी सुचवता यायची. लाल दोर नसेल तर तांबडा दाखवा, अशी. पाचव्या दिवशी स्टोअरवाले आत चहा टाकायला गेले असताना मी ती सोय उघडली, आणि बराच विचार करून "डावं पेडल" याच्यापुढे भरलं, "डाव्या पायाचा लोखंडी बूट, सातवं बंदर, टपरी एकशेबारा." घरी येऊन हिला सांगितलंसुद्धा, की आज एका माणसाचं काम केलं.

"कोणाचं?"

"माहीत नाही."

"मग केलंच असणार," ही म्हणाली.

सहाव्या दिवशी ती ओळ आली होतीच. पण ती न सापडलेल्यांत नव्हती, सापडलेल्यांत गेली होती, त्यामुळे मी वाचली नाही. सातव्या दिवशी ती कुठेच नव्हती.

पण स्टोअरवाल्यांनी सहाव्या दिवशीच विचारलं. "संपली?"

"संपली."

"नीट बघा. आपल्या भाषेतली एक असेल."

"ती ना!" मी छाती पुढे काढून म्हणालो. "ती अडचण मी कायमची मिटवली." आणि बुटाचं सगळं सांगितलं.

ते कप खाली ठेवायला गेले, टेबल जिथे होतं असं त्यांना वाटलं तिथे ते नव्हतं. कप फुटला. खणावरच्या चिठ्ठीत कपांची संख्या कमी करायला मला सांगावं लागेल, एवढंही त्यांच्या लक्षात आलं नाही. तेव्हा मी घाबरलो.

पुढची हकिगत त्यांनी मला एका दमात सांगितली नाही. त्यांच्याकडून कुठलीही वस्तू निघते तशीच निघाली, एकेक चिठ्ठी देऊन. मी विचारायचं, ते तेवढंच सांगायचे. मी दोन-तीन दिवस विचारत राहिलो तेव्हा जुळलं ते असं.

त्यांना एक धाकटा भाऊ आहे. लहानपणी दोघांत मिळून एक सायकल होती आणि तिला डावं पेडल नव्हतं. नुसता लोखंडी दांडा. थोरल्याने पुढे बसून उजवं पेडल मारायचं, धाकट्याने मागे बसून डाव्या पायाने दांडा ढकलायचा, असे ते शाळेत जात. एकट्याला ती सायकल चालवताच येत नसे. वाटेत सायकल दुरुस्तीचं दुकान लागे. धाकटा रोज मागून ओरडायचा, "काका, डावं पेडल आहे का?" आणि दुकानदार हातातल्या ट्यूबवरून मान वर न करता म्हणायचा, "नाही." पहिल्यांदा खरोखर हवं म्हणून विचारलं. नंतर त्याची गंमत झाली. शेवटी शेवटी तर पेडल मिळालं तर काय करायचं अशी दोघांना धास्ती वाटायला लागली.

पुढे धाकटा दुसऱ्या गावी गेला. अधूनमधून यायचा. एकदा येताना लॅपटॉप घेऊन आला आणि "दादा, हे बघ माझं बेट" म्हणून त्याने हा समुद्राचा खेळ दाखवला होता. दादांनी बघून विचारलं, "यात रॅकला नंबर कुठेयत?" धाकटा हसून हसून लोळला.

मग आई गेली. धाकटा दोन दिवस उशिरा पोचला. दारात उभा राहूनच त्याने विचारलं, "दादा, आईचं काही आहे का? जवळ ठेवायला?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

स्टोअरवाले डोळ्यावरची ढाल सारखी करत राहिले.

"मी म्हणालो, नाही. उगाच उभं राहू नये."

"असं म्हणालात?"

"तोंडातून आलं. दोन दिवस झोप नव्हती. समोर कोणी येऊन 'आहे का' म्हणालं की तेच यायचं. चौतीस वर्षं तेच आलं."

"मग तो?"

"नाही उभा राहिला."

त्याला नऊ वर्षं झाली. धाकट्याने फोनचा नंबर बदलला. घर बदललं. निवृत्त झाल्यावर स्टोअरवाले त्या खेळात शिरले ते त्याला शोधायला. बंदराबंदरांतून, टपऱ्याटपऱ्यांतून हिंडले. पण तिथे सगळे टोपणनावांनी वावरतात. भाऊ कोणता ते कसं ओळखणार? हिंडता हिंडता तिथली अव्यवस्था बघून त्यांचा संताप झाला आणि त्यातून हे यंत्र जन्माला आलं. विचार असा, की धाकट्याला कधी ना कधी काहीतरी शोधावंसं वाटेल, आणि एखाद्या दिवशी ते सापडणार नाही. माफी मागायला शब्द सुचेनात. म्हणून त्यांनी तेच वाक्य तिथे टांगून ठेवलं. दुसऱ्या कोणाला ते उद्धट वाटेल. तो मात्र ओळखेल.

दोन वर्षं वाट बघितल्यावर एका सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी यादीत ओळ आली. "डावं पेडल."

तेव्हापासून रोज. एवढाच दोघांचा पत्रव्यवहार. त्याने विचारायचं, यांनी "नाही" म्हणायचं.

"अहो, पण मग तुम्ही त्याचा पत्ता का नाही काढला? यंत्र तुमचं!"

"चिठ्ठी आत येते," ते म्हणाले. "खिडकीतून डोकं बाहेर काढून माणूस बघायचा नसतो."

आणि मी तिथे बूट ठेवला होता! बूट बघून धाकट्याला काय वाटलं असेल, हे मला आता सांगायची गरज नव्हती, तरी स्टोअरवाल्यांनी सांगितलं. "खिडकीत माणूस बदलला असं वाटलं असेल." खिडकीतला माणूस कधी बदलतो, तर निवृत्त झाल्यावर. हे तर आधीच निवृत्त. राहिलं दुसरं कारण. ते आम्ही दोघांनीही उच्चारलं नाही.

बूट मी सहाव्या दिवशीच काढून टाकला होता. पण त्याने उपयोग काय? जो येऊन परत गेला, त्याला पाटी पुन्हा लागल्याचं कोण सांगणार?

आठवा दिवस गेला. नववा गेला. मी यादी वाचायचो, ते "हं, पुढे" म्हणायचे, आणि शेवटच्या ओळीनंतरही म्हणायचे. मग मी "संपली" म्हणायचो. त्या खोलीत सकाळी ऊन यायचं, पंख्याची एक पाती कुरकुरायची, आणि तो माणूस एक डोळा ढालीत, दुसरा धुक्यात, मान माझ्याकडे करून बसलेला असायचा. एकदा पाणी घ्यायला गेलो तेव्हा स्वयंपाकघरातल्या तिसऱ्या खणावर चिठ्ठी दिसली. "आईचा चष्मा, १." मी खण उघडला नाही. एवढं शिकलो होतो.

अकराव्या दिवशी मला राहवलं नाही. सकाळी आंघोळ करून घरून माझ्याच फोनवरून मीच त्यांच्या यंत्रात "डावं पेडल" टाकलं, आणि धावत जाऊन यादी उघडली.

"आलं! स्टोअरवाले, आलं!"

ते खुर्चीतून अर्धे उठले. "किती वाजता?"

"सात..." मी पडद्याकडे बघितलं आणि जीभ चावली. "सात पन्नास."

ते हळूच खाली बसले. "तुमच्या केसांतून पाणी ठिबकतंय," ते म्हणाले. "टपटप ऐकू येतंय. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, कानाचं नाही."

मी बाहीने केस पुसले.

"डेपोत खोट्या चिठ्ठीला निलंबन होतं."

"चूक झाली."

"उद्यापासून येऊ नका."

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी हिने माझ्या हातातला पेपर काढून घेतला.

"त्यांनी येऊ नका म्हटलं आणि तुम्ही लगेच ऐकलंत? माझं इतकं ऐकता का कधी?"

"निलंबित आहे मी."

"मग निलंबित म्हणून जा. त्यांना दिसत नाही. यादीत काय आलंय ते त्यांना सांगणार कोण, गॅसवाला?"

दार उघडंच होतं. स्टोअरवाले कॉम्प्युटरसमोर बसले होते. यादी उघडली होती आणि डोळ्याची ढाल वर सरकवून, नाक पडद्याला टेकेल इतके वाकून ते ओळ शोधत होते. डॉक्टरने बघितलं असतं तर ऑपरेशन परत घेतलं असतं.

"सरका," मी म्हणालो.

ते सरकले. मी वाचायला लागलो. तांब्याचं होकायंत्र, हं, पुढे. तीन कानांचं मांजर, हं, पुढे. झोप, पुन्हा दोघांना, हं, पुढे. आणि मग पुढची ओळ मी दोनदा बघितली.

"काय झालं?"

"डावं पेडल," मी म्हणालो. "शपथ घेऊन सांगतो, मी नाही. माझा फोन घरी आहे."

"किती वाजता?"

"सात वीस."

त्यांचा हात टेबलावर कप शोधत होता. कप नव्हताच.

"अजून एक ओळ आहे," मी म्हणालो. "सात एकवीसची. आपल्याच भाषेत. म्हणजे आज पुन्हा 'नाही' आलेलं त्याने बघितलं आणि मग लगेच ही टाकली."

"वाचा."

"खिडकीत कोण आहे?"

खोलीत पंख्याची पाती कुरकुरली. स्टोअरवाल्यांनी माझ्या खांद्याला धरून मला खुर्चीवरून उठवलं, चौतीस वर्षांत कोणा मेकॅनिकला त्यांनी हात लावला नसेल, आणि स्वतः बसले. त्या ओळीला उत्तर जोडायची जागा, जिथे मी बूट ठेवला होता ती, त्यांना न बघता सापडली. दोन बोटांनी एकेक अक्षर चाचपत त्यांनी लिहिलं. बराच वेळ लागला. लिहून झाल्यावर मला म्हणाले, "वाचा. चुकलंय का बघा."

मी वाचलं. "मीच आहे. उभा राहा."

"बरोबर?"

"बरोबर," मी म्हणालो. माझ्या डोळ्यांचं काही ऑपरेशन झालेलं नव्हतं, तरी मलाही पडदा धूसर दिसत होता. "त्याला कधी दिसेल?"

"उद्या. सात वीसला येऊन पुन्हा हेच विचारील तेव्हा."

माझी नजर स्वयंपाकघराकडे गेली. तिसरा खण इथूनही दिसत होता.

"अहो स्टोअरवाले, मग चष्म्याचंही लिहा की! नऊ वर्षांपूर्वी त्याने तेच विचारलं होतं. आहे म्हणा! आत्ता लिहा, उद्यापर्यंत कशाला थांबताय?"

स्टोअरवाल्यांनी ढाल डोळ्यावर नीट बसवली, कीबोर्ड टेबलाच्या कडेला समांतर केला आणि म्हणाले,

"चिठ्ठीवर तेवढंच आहे."